गोदाक्कांचं उतरलेलं वजन

बायको आजारी पडली की भल्याभल्यांना देव आठवतो. धोंडेवाडीचे भुजंगराव इनामदारही घाबरून देवीपुढं बोलून बसले, की हिला उठव, हिच्या वजनाइतका गूळ गावाला वाटीन.

पन्नाशीच्या गोदाक्का वर्षभर पेजेवर राहून उठल्या, पण निम्म्याच उरल्या. इनामदार खूश झाले. बायको वाचली म्हणून थोडे, गूळ वाचला म्हणून फार.

देवळात तराजू टांगला. गोदाक्का पारड्यात बसल्या आणि पाच ढेपांतच काटा बरोबर आला. इनामदारांनी गाडीतल्या बाकीच्या ढेपा घरी न्यायला सांगितल्या.

"थांबा," गोदाक्का संतापून म्हणाल्या. "वीस वर्षं चारचौघांत मला रांजण म्हणालात. नवस बोललात तोही त्या रांजणासाठीच. मग तेवढा गूळ द्या."

"अगं, उतरलेलं वजन आता कुठून आणू?"

"घरातच आहे की. वर्षभर मी पेज प्याले, तेव्हा माझ्या वाटचा तूपभात कुणी खाल्ला? अंगरखे दोनदा कुणाचे उसवून वाढवले? माझं वजन तुम्ही अंगावर घेऊन हिंडताय. बसा इथं, माझ्याशेजारी."

गुरवानं मान डोलावली. सगळं गाव बघत होतं, इनामदार नाही कसं म्हणणार? ते चढले तसं पारडं धाडकन जमिनीला टेकलं. गाडी रिकामी झाली, घरून आणखी सात ढेपा आल्या, तेव्हा कुठं दोघं अधांतरी झाले.

लाल तोंडानं इनामदार उतरायला लागले.

"जपून उतरा," गोदाक्का म्हणाल्या, "माझी वस्तू आहे तुमच्या अंगावर."