गुणाजीच्या गोड गोळ्या

भोळी माणसं सगळ्याच गावांत असतात. वडजाई गावातला भोळा मात्र नेमका गुरांच्या दवाखान्यात कामाला होता. त्याचं नाव गुणाजी.

दवाखाना डॉक्टर आवट्यांचा. ते गुरांना होमिओपॅथीच्या गोळ्या देत. पांढऱ्या, साबुदाण्याएवढ्या, गोड. म्हैस केवढी आणि गोळी केवढी, म्हणून गाव हसायचं. डॉक्टर हसत नसत. जिल्ह्यात असे गोळीवाले गुरांचे डॉक्टर बरेच होते. त्यांचं एक मंडळ होतं, आणि एकदा तरी त्या मंडळाचं अध्यक्ष व्हायचं, हा आवट्यांचा जुना ध्यास होता. यंदाची सभा त्यांच्याच अंगणात भरणार होती. आणि गुणाजी पडला बायकोचा भाऊ. त्याला काढून टाकायची सोय नव्हती.

"सभा होईपर्यंत नीट वाग," डॉक्टर म्हणाले. "मी सांगतो तेवढंच कर."

"तेवढंच करतो, दाजी."

पहिल्यांदा आला शिवा जंगमाचा बैल. चारा खात नव्हता. डॉक्टर म्हणाले, "जनावर बोलत नाही. सगळं मालकाला विचारायचं आणि मग गोळ्या द्यायच्या."

गुणाजीनं शिवाला विचारलं, "झोप लागती का?"

"कुठली झोप. रातभर पाय आपटतोय."

"राग येतो?"

"शिंगं उगारतोय की."

"आ कर," गुणाजी म्हणाला आणि गोळ्या शिवाच्या तोंडात टाकल्या. शिवाला त्या आवडल्या. त्यानं आणखी मागून घेतल्या. बैल नुसता बघत राहिला.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अरे, मालकाला नव्हे. आजारी कोण ते बघायचं आणि त्यालाच द्यायच्या."

"चुकलं, दाजी. पुढच्या खेपेला तसंच करतो."

पुढच्या खेपेला हौसाबाईच्या वासराला हगवण लागली. डॉक्टरांनी गोळ्या देऊन गुणाजीला तिच्या गोठ्यात पाठवलं. गुणाजीनं बघितलं. गाय तर धडधाकट. आजारी वासरू. त्यानं वासराचा जबडा उघडून गोळ्या कोंबल्या. वासरानं त्या त्याच्याच सदऱ्यावर थुंकल्या.

"अरे, आईला द्यायच्या," डॉक्टर म्हणाले. "आईला दिल्या की लेकराला पोचतात."

"बरं झालं सांगितलं, दाजी."

मग सोपानाच्या म्हाताऱ्या बैलाला खोकला झाला. गुणाजी सकाळीच गोळ्या घेऊन निघाला. परत आला तो दिवस मावळताना, पायांत काटे मोडून घेऊन.

"कुठं होतास?"

"बैलाची आई हुडकत होतो. बाजारात इकली होती, ती घाटाखाली घावली. लई थकलीय बिचारी. तिला दिल्या गोळ्या."

डॉक्टर खालीच बसले. "बैल अजून आईचं दूध पितो का रे? जो दूध पितो त्याच्यापुरतं ते. ज्या जनावराचं दूध पोटात जातं, त्याला गोळ्या द्यायच्या. कळलं?"

"आता पक्कं कळलं."

सभेच्या आदल्या संध्याकाळी मावळते अध्यक्ष तात्यासाहेब गुंजीकर मुक्कामाला आले. आले ते पोट धरूनच. "मुरडा मारतोय," ते म्हणाले. "मला आज नुसतं दूध द्या. आणि आवटे, तुमच्या गोळ्यांचा गुण बघू. सकाळी बरं वाटलं तर अध्यक्षपद तुमचं."

डॉक्टरांनी लगबगीनं गोळ्यांची पेटी उघडली. त्यांनी गोळ्या निवडून गुणाजीकडं दिल्या, कारण त्यांना मांडवाचं बघायचं होतं. "तात्यासाहेबांना पोचल्या पाहिजेत. ते नुसतं दूध घेतात, ध्यानात ठेव."

गुणाजीनं ते चांगलंच ध्यानात ठेवलं. तो गोठ्यात गेला, गोळ्या डॉक्टरांच्या म्हशीला चारल्या, तिची धार काढली आणि दूध तापवून तात्यासाहेबांपुढं ठेवलं.

"गोळ्या कुठायत?"

"दुधातनं येत्यात," गुणाजी म्हणाला.

तात्यासाहेब दूध प्यायले आणि झोपले. सकाळी उठले ते ठणठणीत. भर सभेत त्यांनी आवट्यांचं तोंड भरून कौतुक केलं. आवट्यांनी मान किंचित पुढं करून ठेवली. तात्यासाहेबांनी अध्यक्षपदाचा झेंडूचा टपोरा हार गुणाजीच्या हाती दिला. "जा, ज्यांच्यामुळं मी आज इथं उभा आहे, त्यांच्या गळ्यात घाल."

गुणाजी हार घेऊन निघाला. दाजींच्या पुढ्यातून गेला, मांडवाबाहेर गेला, गोठ्यात शिरला आणि त्यानं हार म्हशीच्या गळ्यात घातला. अख्खं मंडळ त्याच्या मागं धावलं.

"हे काय?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"गोळ्या हिनंच खाल्ल्या."

"म्हणजे मी त्या खाल्ल्याच नाहीत? आणि तरी बरा झालो?"

गोळी न खाता पोट बरं होतं, हे गावात कळलं असतं तर सगळ्यांच्याच दवाखान्यांना कुलूप लागलं असतं. एकानं गोठ्याचं दार लोटून घेतलं. शेवटी मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "दुधातून पोचल्या की."

"अर्थात. दुधातूनच पोचल्या," सगळे म्हणाले, आणि सगळ्यांच्या जिवात जीव आला. गुण आवट्यांच्याच गोळ्यांचा ठरला. तात्यासाहेबांनी म्हशीच्या गळ्यातला हार काढायला हात घातला. हाती नुसता दोरा आला. हार म्हशीनं खाल्ला होता.

आवट्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. गुणाजीला फार वाईट वाटलं. त्यानं दाजींच्या पाठीवरून हात फिरवला.

"जिवाला लावून घेऊ नका, दाजी. सांजचं दूध तुमीच प्या. अध्यक्षपद पोचंल."