दहा-शून्यवर मिळालेला गुण

एकदा एका परक्या शहरात महिलांची आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस स्पर्धा भरली होती, आणि एक वृद्ध प्रशिक्षिका आपल्या शिष्येला घेऊन तिथे आली होती. प्रशिक्षिका मूळच्या सांगलीच्या. सगळा संघ त्यांना आक्का म्हणे. शिष्येचं नाव हेमांगी, वय तेहतीस. या खेळात तेहतीस म्हणजे आजीबाईच की हो! निघतानाच निवड समितीने सांगितलं होतं, उपांत्यपूर्व फेरी गाठलीस तर संघात राहशील, नाहीतर तुझी जागा नव्या मुलीला. त्यासाठी आता एकच सामना जिंकायचा उरला होता, आणि हेमांगीचा जीव मेटाकुटीला आला होता.

ती दमली होती, आणि नुसती खेळून नव्हे. संघात कुणाला ताप आला की उशाशी बसायला हेमांगी, कुणाचं घरी बिनसलं की समजूत काढायला हेमांगी. घरी आईचं आजारपण, तेही तिच्याच अंगावर. बरं, हिला कुणी काही देऊ केलं तर उत्तर ठरलेलं, "राहू दे, माझं मी बघते." सकाळी संघाचे डॉक्टर गुडघ्याला पट्टी बांधायला आले, तर त्यांनाही तिने "आधी त्या पोरींचं बघा" म्हणून वाटेला लावलं. असल्या माणसाचं जगात फार कौतुक होतं. त्याचे हाल मात्र कुणी विचारत नाही.

सामना पाच गेमचा, तीन जिंकेल तिचा. समोर सतरा वर्षांची एक परदेशी मुलगी. तिचा चेंडू येतो कुठून आणि जातो कुठे, काही कळूच देईना. पहिला गेम हेमांगीने नऊ-अकरा असा घालवला. दुसऱ्यात तर तिचे पायच उचलेनात. तीन-शून्य झालं, सहा-शून्य झालं, बघता बघता दहा-शून्य.

आता या खेळात एक जुनी रीत आहे. नियमांच्या पुस्तकात ती सापडायची नाही. समोरची शून्यावर अडकली असेल, तर अकरावा गुण घेण्याआधी तिला एक गुण सोडायचा. कुणाला अगदीच रित्या हाताने परत पाठवायचं नाही. त्या मुलीने तेच केलं. सर्व्हिस मुद्दाम नेटमध्ये मारली आणि पंचांनी हेमांगीच्या नावावर एक गुण लावला.

हेमांगीच्या अंगाचा तिळपापड झाला. जी रीत तिने स्वतः इतकी वर्षं पाळली, ती आज आपल्यावर यावी! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या मुलीची पुढची सर्व्हिस तशी सोपी होती. हेमांगीने ती उघड उघड टेबलाबाहेर भिरकावून दिली. घे बाई, तुझा गुण तुला परत! त्या मुलीचा चेहरा एवढासा झाला. एक-अकरावर गेम संपला.

दोन गेमच्या मध्ये एक मिनिट मिळतं. घामाने निथळत हेमांगी आक्कांपाशी आली आणि तिने पाण्यासाठी हात पुढे केला. आक्कांनी बाटली उचलली आणि सरळ पाठीमागे लपवली.

"आक्का, पाणी द्या ना. वेळ चाललाय."

"नाही देत."

"अहो, ही काय थट्टेची वेळ आहे?"

"थट्टा नाही. ही बाटली मी भरून आणलीय. दुसऱ्याने दिलेलं तुला चालत नाही ना? मग हे पाणी कसं चालेल?"

हेमांगी रडकुंडीला आली. "त्या पोरीने भीक घातली मला, आक्का. सगळ्यांदेखत!"

तेव्हा आक्कांनी बाटली तिच्या हातात दिली. सत्तरी उलटलेल्या त्या बाई स्वतःही थकून गेल्या होत्या. बाकावर टेकत त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं तू मुलींना हा गुण देत आलीस, तेव्हा काय भीक घालत होतीस? तुझ्या मनात माया होती. मग त्या मुलीच्या मनात ती नसेल, असं का धरून चाललीस? अगं, देताना आपण उंच उभे असतो, म्हणून देणं आपल्याला गोड वाटतं. घ्यायला थोडं वाकावं लागतं, आणि तिथे तुझा ताठा आड येतो. नुसतं देत राहिलं की माणूस आतून रिता होतो, हेमा. तुझा सगळा थकवा काही गुडघ्यातला नाही. पाणी पी, आणि जा आता."

हेमांगी टेबलापाशी गेली. त्या मुलीकडे पाहून तिने एक बोट वर केलं, मग तोच हात छातीशी नेऊन मान लववली. मुलीचा जीव भांड्यात पडला; ती खुदकन हसली. त्यानंतर जो खेळ झाला, तो काय सांगू! तिसरा गेम हेमांगीने अकरा-आठ असा ओढून आणला. चौथा दहा-दहावर नेला, आणि तिथे दोन गुणांनी तो हातचा गेला. सामना गेला, संघातली जागाही गेली. शहाणपण आलं म्हणून गुडघे काही तरुण होत नाहीत.

प्रेक्षक पांगले. दोघी बाकावर बसून राहिल्या. आक्कांनी विचारलं, "मग? आता काय करायचं म्हणतेस?"

"काही नको वाटतं, आक्का," हेमांगी म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "आठ दिवस कुणीतरी मला पानावर बसवून आयतं वाढावं, एवढंच वाटतं." बोलून गेली आणि स्वतःच ओशाळली.

"मग सांगलीला चल. मी वाढते."

"आणि आई?"

"आईलाही घेऊन ये. दोघींना वाढते."

रिकाम्या टेबलाकडे हेमांगीने एकदा पाहिलं. मग तिने डोळे पुसले.

"येते," ती हळूच म्हणाली. "आणि आक्का, आमटी जरा तिखट करा."