फौंड्रीचा काळा

"म्हणजे शाईचं नाव सांगणार नाही तर, आपा?"

जैबूआपा छपाईच्या तापत्या यंत्रावर वाकल्या होत्या. त्यांचं लक्ष हीट प्रेसच्या झाकणाकडे होतं.

"तेवढंच विचारायला आलोय. दुसरं काही नको."

झाकण वर उचललं गेलं. तापलेल्या कापडाचा वास खोलीभर पसरला. आपांनी कागदाचं एक टोक चिमटीत धरलं आणि एका ओढीत तो कापडावरून सोडवला. खाली निळा पट्टा उमटला होता. काठ सुरीने कापल्यासारखा.

"बस," त्या म्हणाल्या.

धैर्यशील बसला नाही.

कोल्हापुरात खेळाडूंच्या जर्सी छापणारे पुष्कळ आहेत. पण रंगाचा सवाल आला की लोक जैबूआपांच्या बोळात शिरतात. त्यांचे वडील रंगारी होते, फेटे रंगवायचे. पुढे कढया गेल्या, कॉम्प्युटर आला, कागदावर छापून तापाने कापडाच्या धाग्यात रंग मुरवणारं काम आलं. घरात नजर तेवढी जुनी राहिली.

धैर्यशील मगदूम हे काम त्यांच्याच हाताखाली शिकला. हात चलाख, डोकं त्याहून चलाख. मग त्याने हायवेला स्वतःचं दुकान टाकलं. भिंतभर लांबीचा प्रिंटर. दारावर त्याच्या नावाची पाटी, रस्त्यापलीकडून वाचता येईल एवढी. उद्घाटनाला आपांची खुर्ची त्याने पहिल्या रांगेत मांडली होती.

त्यानंतर या दारात तो थेट आज आला होता.

त्याने पिशवीतून एक जर्सी काढून टेबलावर टाकली.

आपांनी ती उजेडाला धरली. काळी असायला हवी होती. काळ्याच्या आत कुठेतरी तपकिरी शिजत होता. पाठीवरच्या आकड्याच्या कडेने दुसरी फिकट सावली पडलेली, जणू आकडा दोनदा लिहिला होता.

"कुणाची?"

"फौंड्री वसाहतीतल्या पोरींची. फुटबॉलच्या."

आपांनी मान हलवली. त्या मुली त्यांना ऐकून माहीत होत्या. त्यांचे बाप फौंड्रीत, लोखंड ओतायच्या साच्यांच्या काळ्या वाळूत काम करायचे आणि तसेच काळे घरी यायचे. सुरुवातीला मैदानावर लोक त्यावरून चिडवायचे. तेव्हा मुलींनी बसून ठरवलं, जर्सी काळीच घ्यायची. छातीवर फक्त एक पट्टा, ओतलेल्या लोखंडासारखा लाल.

त्याच संघाची फायनल परवावर आली होती.

"परत केल्या," धैर्यशील म्हणाला. "कॅप्टन स्वतः आली होती. दुकानात गिऱ्हाईकं उभी होती, आपा. सगळ्यांच्या देखत गठ्ठा टेबलावर ठेवला."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, हा आमचा काळा नव्हं. हा चहाचा रंग हाय. ह्या घालून आम्ही उतरणार न्हाई, फाटक्या जुन्या घालून खेळू."

आपांच्या तोंडावर काहीतरी हललं. "मोठी मानी पोरगी हाय."

"माझं काय? माझ्यासारखं मशिन आसपास कुणाकडं नाही. शाई बदलली. कागद बदलला. कॉम्प्युटरवरचं रंगाचं सेटिंग नव्यानं बसवून घेतलं. काही उपयोग नाही. म्हणून म्हणतो, तुमची शाई तेवढी सांगा. पुढचं मी बघतो."

...

"कागद आणलायस? छापलेला, प्रेस न केलेला?"

"गाडीत आहे."

"आण."

त्याने गुंडाळी आणली. आपांनी एक ताव पसरला. जर्सीच्या पाठीचा भाग. काळा विझलेल्या राखेसारखा मेलेला.

"तापायच्या आधी कागदावर रंग असाच दिसतो," धैर्यशील घाईने म्हणाला.

"मला सांगतोस?"



आपांनी कात्री उचलली आणि ताव मधोमध कापला. पाठीवरच्या आठाचे दोन तुकडे झाले. धैर्यशीलचा हात नकळत पुढे आला होता, तो त्याने मागे घेतला.

"अर्धा माझा. अर्धा तुझा."

त्यांनी प्रेसवर पांढरं कापड पसरलं. आधी नुसत्या कापडावर झाकण दाबून त्यातली ओल घालवली. मग त्यावर आपला अर्धा कागद पालथा ठेवला, झाकण खाली घेतलं आणि हात मांडीवर ठेवून बसल्या.

धैर्यशील येरझाऱ्या घालू लागला. त्याने घड्याळ पाहिलं, झाकणाकडे पाहिलं, पुन्हा घड्याळ पाहिलं.

"झालं असेल, आपा."

...

"आपा, करपेल."

...

झाकण उठलं. एका ओढीत कागद सुटला.

कापडावर काळा होता. रात्रपाळीला भट्टीच्या पलीकडे दिसतो तसला. त्यात ना तपकिरी, ना हिरवट छटा. अर्ध्या पांढऱ्या आठाची कड काळ्यावर स्वच्छ उभी होती.

धैर्यशील बघत राहिला. मग पहिल्यांदा स्टूल ओढून बसला.

"शाई तुझीच," आपा म्हणाल्या.

"म्हणजे माझी प्रेस खराब निघाली. तरी मी त्या विकणाऱ्याला..."

"न बघता कुणाला नावं ठेवू नको. चल."

आपा हायवेवरच्या दुकानात शिरल्या तशी काम करणारी माणसं उठून उभी राहिली. त्यांनी भिंतभर प्रिंटरकडे पाहिलं आणि कौतुकाने मान हलवली. धैर्यशीलच्या ते लक्षात आलं. त्याही अवस्थेत त्याची छाती थोडी फुगली.

"रोज करतोस तसं कर," आपा म्हणाल्या.

त्याने उरलेला अर्धा कागद लावला. झाकण आपटलं. यंत्राने शीळ घातली. त्याने झाकण उघडलं आणि कागद खसकन ओढला. कागद मध्ये अडकला, जरासा सरकला, मग सुटला.

चहाचा रंग. आठाला सावली.

"बघितलंत?" तो म्हणाला. "मी काय वेगळं केलं?"

आपांनी यंत्राच्या तापाच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"हा एवढा कशाला?"

"ताप वाढवला की वेळ कमी लागतो. तुमच्याकडं दोन निघतात तेवढ्यात माझ्याकडं चार निघतात."

"माझ्याकडं होता तेवढा ठेव."

"मग दिवसाला निम्मीच होतील."

"होऊ देत."

त्याने बटण फिरवून ताप उतरवला आणि वेळ वाढवला. एवढा मोठा लोखंडी पत्रा, तो थंड व्हायला वेळ लागणार होता. आपांनी खिडकीजवळची खुर्ची घेतली. बाहेर ट्रक जात होते. 

बऱ्याच वेळाने आपांनीच विचारलं, "शाई का बदललीस?"

"खराब होती."

"कशावरनं?"

"रंग येत नव्हता."

"आणि कागद?"

"तोही बदलला."

"एकाच दिवशी?"

धैर्यशील खाली बघू लागला.

"शाई बदलली, कागद बदलला, कॉम्प्युटर बदलला, सगळं एका झटक्यात. मग बिघडलं कुणामुळं आणि सुधारलं कुणामुळं, हे तुला सांगणार कोण? शाई पाहुणीसारखी, ती घरात रुळायच्या आत तिला वाटेला लावलीस. मी माझी शाई निवडली तेव्हा महिनाभर तिच्याबरोबर भांडले. कुठल्या कापडाला धरते, किती ताप सोसते, पावसाळ्यात कशी वागते. आता ती मला ओळखते. तिचं नाव घेऊन तू काय करणार?"

"मला वेळ नव्हता, आपा."

"घाई कशाची होती?"

त्याने कापडाची एक गुंडाळी सरळ केली. मग कोरड्या आवाजात म्हणाला, "तुमच्यापेक्षा जास्त छापायचं होतं."

आपा हसल्या. रागावल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं.

"माझ्यापेक्षा चांगलं छापायचंय म्हणाला असतास, तर पेढे वाटले असते मी."

...

तापाचा आकडा खाली येऊन थांबला. धैर्यशील उठला. नवं कापड घेतलं, आधी त्यातली ओल घालवली, मग छातीच्या भागाचा नवा कागद पालथा ठेवला. कडा नीट बसवल्या, सरकू नये म्हणून टोकांना चिकटपट्टी लावली. झाकण खाली घेतलं, या वेळी न आपटता.

थोड्या वेळाने त्याचा हात मुठीकडे गेला.

"थांब."

त्याने हात मागे घेतला.

...

पुन्हा गेला.

आपा काहीच बोलल्या नाहीत. या वेळी त्याचा तोच थांबला.

शीळ वाजली तेव्हा त्याने श्वास घेतला, टोक धरलं आणि एका ओढीत कागद सोडवला.

काम करणारी माणसं पुढे सरकली. कुणीतरी हळूच "बास्स" म्हणालं.

काळा आला होता. त्यावरून लाल पट्टा असा गेला होता की हात लावला तर भाजेल.

धैर्यशीलने ते कापड दोन्ही हातांनी उचललं, उलटं केलं, सुलटं केलं. त्याचे डोळे भरले होते. ते कुणाला दिसू नयेत म्हणून तो पाठ फिरवून उभा राहिला.

"आता बाकीच्या," आपा म्हणाल्या.

बाकीच्या त्याने स्वतः केल्या. दुसऱ्या कुणाला मुठीला हात लावू दिला नाही. एका बाहीवर मध्येच फिकट डाग आला. जुना धैर्यशील म्हणाला असता, घामात कुणाला दिसतोय. त्याने ती बाही बाजूला टाकली आणि नवी कापायला सांगितली. आपांनी ते पाहिलं. त्या खुर्चीतून हलल्या नाहीत. दुपारी त्यांना डबा आणून दिला, तो त्यांनी तिथेच खाल्ला.

दुसऱ्या दिवशी शिलाई होऊन जर्सी आल्या. संध्याकाळी कॅप्टन आली. श्रावस्ती तिचं नाव. उंच, गुडघ्यावर जुन्या जखमेचा व्रण. आत येऊन ती हाताची घडी घालून उभी राहिली. बसा म्हटलं तरी बसली नाही.

धैर्यशीलने पहिली जर्सी तिच्या पुढ्यात ठेवली. तो काही बोलला नाही. एरवी तो मशिनची सगळी माहिती सांगायचा.

श्रावस्तीने ती दारात नेऊन उतरत्या उन्हाला धरली. तिरकी केली. डोळ्यांजवळ नेली.

...

"हा," ती म्हणाली.

तेवढंच. मग तिने अंगातल्या शर्टावरच जर्सी चढवली आणि काचेच्या दारात स्वतःला पाहिलं. खांदे मागे गेले, मान वर आली. रस्त्यावरून जाणारा एक सायकलवाला वळून वळून बघत गेला.

"कुणी केल्या?" तिने विचारलं.

धैर्यशीलने खुर्चीकडे बोट दाखवलं. "आपांनी."

"खोटं बोलतोय," आपा म्हणाल्या. "मी कशालाच हात लावला न्हाई. ह्यानं केल्या. शागीर्द आहे माझा."

दुकान सुरू केल्यापासून हा शब्द धैर्यशीलने त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. दारावरची पाटी लागली त्या दिवशी तो जितका ताठ उभा राहिला होता, त्याहून ताठ तो आता उभा राहिला.

श्रावस्तीने गठ्ठा उचलला. दारापर्यंत गेली, आणि परत आली. अंगठ्याला थुंकी लावून तिने छातीवरचा काळा जोरात चोळला. अंगठा पाहिला. कोरा होता. तरी तिचं समाधान झालं नाही.

"खेळात माती लागणार, घाम येणार. आई दगडावर आपटून धुणार," ती म्हणाली. "रंग जाईल का?"

धैर्यशीलने तोंड उघडलं. शाई, कापड, ताप, गॅरंटी, सगळं त्याच्या जिभेवर होतं. त्याने तोंड मिटलं आणि आपांकडे पाहिलं.

आपा चपला घालत होत्या.

"जायचा तिथं गेलाय," त्या म्हणाल्या.