भुरीचं ऊन आणि भिंतीवरचा टीव्ही

एक होती भुरी. मांजराचं पिल्लू. एवढुश्शी!

खिडकीपाशी होतं एक टेबल. टेबलावर रोज दुपारी ऊन यायचं. पिवळं पिवळं, कोमट कोमट, भाकरीएवढं. भुरी त्यात वेटोळं करून निजायची. घुर्र घुर्र, घुर्र घुर्र.

आज भुरी आली. लुटुलुटु, लुटुलुटु. पाहते तो काय! टेबलावर ऊनच नाही.

टेबलावर बसला होता टीव्ही. नवा कोरा, काळा काळा, रुंदच रुंद. सगळं ऊन त्यानं पाठीवर घेतलं होतं. लबाड कुठला!

आता थोड्या वेळानं सूर्य जाणार चिंचेमागे. मग ऊन एकदम उद्या! भुरीला रडूच आलं.

"टीव्हीदादा, टीव्हीदादा, ऊठ ना! माझं ऊन मला दे ना!"

टीव्ही म्हणाला, "उठून जाऊ कुठं? स्टँड भिंतीवर चढला, तर मी उठेन."

भुरी गेली स्टँडकडे. लुटुलुटु, लुटुलुटु.

स्टँड म्हणजे टीव्हीची लोखंडी खुर्ची बरं का! या स्टँडला होता एक लांब हात. बाबांनी आधी बिनहाताचा आणला होता. आजी म्हणाली, "हा नको बाई! पोळ्या लाटताना मला दिसायचं कसं? वळणारा आण." मग काय, बाबा गेले आणि तो बदलून घेऊन आले.

"स्टँडदादा, स्टँडदादा, चढ ना!
टीव्ही उठेना,
माझं ऊन मला मिळेना!"

स्टँड म्हणाला, "चढेन की! पण भिंतीनं धरलं, तर."

भुरी गेली भिंतीकडे. लुटुलुटु, लुटुलुटु.

"भिंतमावशी, भिंतमावशी, धर ना!
स्टँड चढेना,
टीव्ही उठेना,
माझं ऊन मला मिळेना!"

भिंत म्हणाली, "धरीन गं बाळे! पण ताईनं भोकं पाडली, तर."

भुरी गेली ताईकडे. लुटुलुटु, लुटुलुटु. ही शैलाताई. टीव्ही बसवायला आली होती. मांडीवर ड्रिल, हातात चहा.

"ताई, ताई, भोकं पाड ना!
भिंत धरेना,
स्टँड चढेना,
टीव्ही उठेना,
माझं ऊन मला मिळेना!"

ताई म्हणाली, "अगं भुरे, खुणेशिवाय भोक? भलतीकडेच पडलं म्हणजे! आजोबांनी खूण केली, तर पाडते."

भुरी गेली आजोबांकडे. लुटुलुटु, लुटुलुटु. आजोबा जुने गवंडी. कानामागे पेन्सिल. घरात खूण करायची, तर ती आजोबांनीच! दुसऱ्या कुणी केली, की आजोबा रुसलेच.

आजोबांच्या एका हातात होती पाणसळ. पाणसळीत काचेची नळी, नळीत पाणी, पाण्यात बुडबुडा. बुडबुडा मधोमध बसला, की समजायचं, सरळ!

"आजोबा, आजोबा, खूण करा ना!
ताई पाडेना,
भिंत धरेना,
स्टँड चढेना,
टीव्ही उठेना,
माझं ऊन मला मिळेना!"

आजोबा म्हणाले, "वाकडं काम मला खपायचं नाही! बुडबुडा मधोमध बसला, तर करतो."

भुरीनं मान वर केली. बुडबुडा इकडे सुळ्ळ, तिकडे सुळ्ळ!

"बुडबुड्या, बुडबुड्या, बस ना!
आजोबा करेनात,
ताई पाडेना,
भिंत धरेना,
स्टँड चढेना,
टीव्ही उठेना,
माझं ऊन मला मिळेना!"

बुडबुडा म्हणाला, "बसू कसा? आजोबांच्या दुसऱ्या हातात पाळण्याची दोरी. ते दोरी ओढतात, मी घसरतो! बाळ निजलं, तर मी बसेन."

भुरी गेली पाळण्याकडे. लुटु... लुटु... दमली हो बिचारी! खिडकीबाहेर सूर्य चिंचेला टेकला होता.

पाळण्यात बाळ सानू. ट्यां ट्यां, ट्यां ट्यां!

"सानूबाळा, सानूबाळा, नीज ना!
बुडबुडा बसेना,
आजोबा करेनात,
ताई पाडेना,
भिंत धरेना,
स्टँड चढेना,
टीव्ही उठेना,
माझं ऊन मला मिळेना!"

बाळाला बोलता कुठं येतंय? त्यानं नुसता हात बाहेर काढला. इवलासा, गरम गरम. हात पडला भुरीच्या पाठीवर.

अगं बाई! हे तर उन्हासारखंच! भुरीचे डोळे मिटले. घुर्र घुर्र, घुर्र घुर्र.

बाळ गप्प झालं. ऐकत राहिलं. घुर्र घुर्र, घुर्र घुर्र.

आणि बाळ निजलं.

बाळ निजलं, दोरी थांबली.
दोरी थांबली, बुडबुडा बसला.
बुडबुडा बसला, आजोबांनी खूण केली.
खूण केली, ताईनं ड्रिल उचललं.

"अगं थांब, थांब! बाळ उठेल!" आजी ओरडली.

घुर्रर्रर्र! घुर्रर्रर्र!

बाळ झोपेतच हसलं. त्याला वाटलं, भुरीच आहे, जरा मोठ्ठी झालीय!

भोकं पडली, भिंतीनं धरलं.
भिंतीनं धरलं, स्टँड चढला.
स्टँड चढला, टीव्ही उठला. हुश्श!

भुरी धावली. लुटुलुटुलुटुलुटु! टुणकन टेबलावर.

टेबलावर ऊन होतं. पण अर्धीच भाकरी. बाकीचं चिंचेनं खाल्लं होतं. भुरीनं शेपूट आत घेतलं, पाय आत घेतले. तरी नाक बाहेरच राहिलं.

तेवढ्यात आजी आली. हातात लाटणं. "बघू तरी, वळतो का माझा टीव्ही!" तिनं टीव्ही ओढला. कुईऽऽ!

टीव्ही वळला. त्याच्या काळ्या काचेवर ऊन पडलं. काचेवरून उडालं, आणि थेट टेबलावर आलं. अर्धी भाकरी खिडकीची, अर्धी भाकरी टीव्हीची.

भाकरी झाली पूर्ण!

"घे गं भुरे," टीव्ही हळूच म्हणाला, "तुझं ऊन."

बाबा म्हणाले, "आई, अजून थोडा वळवू? तुझ्या पोळपाटाकडे?"

"हात लावू नकोस," आजी म्हणाली. "भुरी उठली, की बघू. माझ्या पोळ्या काही पळून जात नाहीत."

मग आजोबा पेंगले. ताईचा चहा निवला. बुडबुडा मधोमध निजला.

घुर्र घुर्र, घुर्र घुर्र.

भुरीला मिळालं ऊन, तुला मिळाली गोष्ट. मीट बघू आता डोळे!