आत काय आहे? किल्ल्याच्या आत!

सरका जरा भिंतीकडे, मला पाय पसरू द्या. जुई, पांघरूण सगळं एकटीनं ओढू नकोस. हं, ऐका आता.

राजा होता, मानाजी नावाचा. त्याला एक थोरली बहीण, कमळजा. दोघं लहानपणी एका ताटात जेवायची. मग कमळजा लग्न होऊन दूरच्या गावची राणी झाली. दर दिवाळीला मानाजी मूळ पाठवायचा. मूळ म्हणजे काय, तर माहेराहून न्यायला येणारं माणूस, बरं का. माणूस येई, पालखी येई, आणि कमळजा भाऊबिजेला माहेरी येई.

एका दिवाळीला काय झालं, राजा चक्क विसरला. मूळ पाठवलंच नाही. बिचारी कमळजा नवं लुगडं नेसून दिवसभर दारात बसली. रस्त्यावर धूळ उडाली की उठायची, पुन्हा बसायची. मला तर बाई त्या राजाचा अस्सा राग येतो!

आता तुम्ही म्हणाल, "चुकलो," म्हणायचं की! पण नाही. राजाच्या तोंडाला कुलूप. पुढच्या दिवाळीला कमळजा आपली आपणच आली. भावाला ओवाळलं आणि म्हणाली, "तुझ्या घरचा घास मी तोंडात घालणार नाही." तशीच उपाशी निघून गेली. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. आणि तिसऱ्या वर्षी तिनं निरोप धाडला, "यंदाची भाऊबीज शेवटची. यंदाही उपाशीच जाईन, आणि मग हे माहेर मला तुटलं."

राजाचं धाबं दणाणलं. पण बोलेल तर शपथ! नुसता येरझाऱ्या घालत बसला.

त्याची राणी होती सगुणा. मोठी हुशार. तिनं एक गोष्ट हेरून ठेवली होती. घरात बंद डबा आला की राजाला राहवत नसे. झाकण किलकिलं करून बघायचाच. आणि रागात नसला की म्हणायचा, "मी काहीच नाही, आक्का माझ्या वरताण आहे!"

मग राणी मुदपाकखान्यात गेली. पदर खोचला. म्हणाली, "दिवाळीत पोरं मातीचा किल्ला करतात ना? मी गोडाचा करते."

बेसनाच्या वड्यांच्या भिंती रचल्या. चुना म्हणून साखरेचा पाक लावला. पहिल्यांदा पाक झाला पातळ, भिंती घसरल्या. दुसऱ्यांदा झाला फार कडक, लावायच्या आधीच कढईत दगड. तिसऱ्यांदा मात्र अगदी बेताचा जमला, आणि भिंती उभ्या राहिल्या. मग रव्याच्या लाडवांचे बुरूज केले. शंकरपाळ्यांची फरशी घातली. भोवती बासुंदीचा खंदक, काठाला करंज्यांच्या होड्या. सारंग, ओठ काय चाटतोस? झोपायचंय आता.

भाऊबिजेला पंगत मांडली. मधोमध भल्या मोठ्या चौरंगावर तो किल्ला. इतका उंच, की अलीकडे बसलेल्याला पलीकडचं माणूस दिसू नये. अलीकडे कमळजा, पलीकडे राजा. दोघांनाही तेच हवं होतं. रुसलेली माणसं ती.

कमळजानं ओवाळलं, आपल्या पाटावर बसली आणि ताट दूर सरकवलं. राणी हळूच तिच्या कानाशी आली.

"वन्सं, किल्ल्याच्या आत एक गंमत आहे."

"असू दे. मला काय करायचंय?"

"नका बघू. तशीही मोठी अवघड आहे ती. एकामागं एक तीन दारं आहेत. दार काढायचं ते खाऊन संपवायचं, मगच पुढच्याला हात लावायचा."

एवढं बोलून राणी पलीकडे वाढायला गेली.

कमळजानं मान फिरवली. मग डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. चिक्कीचं एवढंसं दार, त्याला लवंगेची कडी. आत काय असेल? बाहुली? पोपट? इतक्यात आतून आवाज आला, कुडुम, कुडुम, कुडुम!

"अगं सगुणा, आत उंदीर आहे की काय?"

"मला काय ठाऊक, वन्सं!" पलीकडून राणी म्हणाली.

आता कुठली राहते ती! इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि चिक्कीचं दार काढून खाल्लं. कुडुम, कुडुम. आत दुसरं दार, खोबऱ्याच्या वडीचं. तेही खाल्लं. आत तिसरं, पातळ अनारशाचं, खसखस लावलेलं. पलीकडून काहीतरी खुडबुडलं. कमळजाचा जीव थाऱ्यावर राहीना. तिनं तेही काढलं, तोंडात कोंबलं आणि वाकून भोकाला डोळा लावला.

तर आत एक डोळा!

तिनं डोळा मिचकावला. तोही मिचकला.

"आई गं!" कमळजा ओरडली.

"अगं आई गं!" तो डोळाही ओरडला.

अहो, तो राजाच होता! राणीनं तीन दारं पलीकडूनही केली होती, आणि त्याच्याही कानात तेच सांगितलं होतं. आत बाहुली नाही, पोपट नाही, सगळा किल्ला पोकळ. राजाच्या नाकाला ही खसखस लागलेली.

"मान्या, तू?"

"आक्का..." राजानं भोकाला तोंड लावलं. त्या एवढ्याशा भोकातून त्याला ते सांगता आलं, बरं का, जे समोरासमोर कधी जमलं नव्हतं. "आक्का, मूळ पाठवायला मी विसरलो. तू वाट बघितली असशील. चुकलं माझं."

कमळजाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "दिवसभर बघितली रे," ती म्हणाली. "एवढं म्हणायला इतकी वर्षं लागली होय तुला?"

"आता तू माझ्या घरचं खाल्लंस, आक्का."

"दारं खाल्ली. त्यानं काय पोट भरतं? तीन वर्षांची भूक आहे मला. किल्ला बाजूला कर आणि इकडे ये. एका ताटात वाढायला सांग."

मग दोघं एका ताटात जेवली. किल्ला गावातल्या पोरांनी फस्त केला, बासुंदीचा खंदकसुद्धा. पुढं राजा, राणी, कमळजा, सगळी सुखात राहिली.

झाली गोष्ट. मिटा डोळे. नाही सारंग, आता लाडू नाही, सकाळी देईन. झोपा.