शेवटच्या होडीचा शिंपला

एका राज्यात, चहूबाजूंनी दर्या असलेल्या एका बेटावर, दिवस कासराभर वर आला त्या घटकेला हे सारे सुरू झाले. सोनेरी शिडाचे जहाज धक्क्याला लागले आणि त्यातून जादूगार कवडीनाथ उतरला.

तो राजाला म्हणाला, "महाराज, टोकावरची दिव्याच्या बुरुजाची जागा मला द्या. तिथे जुगाराचा महाल उभारीन. देशोदेशीचे धनिक येतील. तुमच्या माणसांना पुन्हा दर्यावर जावे लागणार नाही."

राजा म्हणाला, "आमच्याकडे राजा ठरवत नाही. तराजू ठरवतो."

खरेच होते ते. बेटावर जन्मलेल्या प्रत्येकाला बारशाला एक शिंपला मिळे. मोठा प्रश्न आला, की मासळी तोलायच्या जुन्या तराजूत ज्याने त्याने आपला शिंपला टाकायचा. होकार उजव्या पारड्यात, नकार डाव्या. जो दर्यावर असेल त्याचा शिंपला तो येईपर्यंत थांबायचा. जो दर्यातच राहिला, त्याच्या शिंपल्यावर घरच्यांचा हक्क.

कवडीनाथ म्हणाला, "माझे जहाज ओहोटीबरोबर निघेल. तोलायचे तर आत्ता."

शिंपले पडू लागले. पडता पडता संपले, आणि दोन्ही पारडी सारखी उभी राहिली.

राजाने विचारले, "कोणाचा उरला?"

"माझ्या घरधन्याचा," वेसू म्हणाली. कडेवर तान्ही मुलगी, मुठीत मोरबाचा शिंपला. त्याची एकच होडी बाहेर होती. वारा जरा फिरला की वेसू धक्क्याकडे धावे. लग्न झाल्यापासून तिने एक घास सुखाने खाल्ला नव्हता.

कवडीनाथ हळूच म्हणाला, "वेसूबाई, महालात त्याला चाकरी देईन. रोज दिवेलागणीला घरी."

शेजारची भागाआजी ओरडली, "अगं ए वेसू! त्याचा शिंपला टाकणारी तू कोण? येईल तेव्हा टाकेल की!"

पण वेसूचा हात पुढे झाला होता. उजवे पारडे खाली गेले. राजाने बघितले, आणि कौल मान्य केला.

दिवस मावळायच्या आत बुरूज विझला आणि त्या जागी महाल उभा राहिला. झुकलेला तराजू कवडीनाथाने आत टांगला. तो झुकलेला, तोवर महाल अढळ. मोरबाची होडी त्या संध्याकाळी आली नाही. दुसऱ्याही नाही.

एक पांढरा कुरव पक्षी वेसूच्या कौलावर येऊन बसला. "दिवा नव्हता," तो म्हणाला. "होडी खडकावर फुटली. मी डोलकाठीवर होतो."

"खोटं बोलतोस!" वेसूने त्याला केरसुणी फेकून मारली, आणि रोजच्यासारखे मोरबाचे ताट वाढले.

इकडे महालात लोक खेळत. आधी जाळी हरले, मग होड्या, मग हसू. जो सारे हरला तो कवडी होऊन पटावर पडे. राजा तर आपला आवाजच हरला. भागाआजीही एकदा आत गेली, ती परतली नाही. भरतीबरोबर काही कवड्या किनाऱ्यावर वाहून येत. एके दिवशी वेसूच्या मुलीने तशीच एक उचलून तोंडात घातली, आणि कवडी भागाआजीच्या आवाजात बोलली, "वेसू, मेले, आधी मला पोरीच्या तोंडातून काढ!"

वेसूला हसू आले, आणि हसता हसताच रडू फुटले. तिने मुलीला उराशी धरले आणि मोरबाचा शिंपला परत घ्यायला ती महालाकडे निघाली.

पहिल्या दारावर दगडाचा खेकडा होता. "झोप दे, तर वाट देतो."

"तान्ह्या पोरीच्या आईकडे झोप मागतोस? असेल तेवढी घे."

दुसऱ्या दारावर पितळी घुबड होते. "अंगाई दे." वेसूने दिली. मुलगी कुरकुरली, तर तिला गप्प करायला ओठांवर शब्द येईना.

तिसऱ्या दारात कवडीनाथ स्वतः उभा. मागे तराजू. "मोरबा जिवंत असेल, तर त्या शिंपल्याला तुला हात लावता येणार नाही. एकदा तीच चूक केलीस. नसेल, तर तसे बोल. सगळ्यांसमोर."

वेसूने घराकडे वळून पाहिले. घरी ताट वाढलेले होते. भात अजून गरम असेल. महालाच्या खिडकीत कुरव बसला होता.

"माझा मोरबा गेला," ती म्हणाली. "दर्याने नेला. त्याचा दिवा मीच विझवला. आता शिंपला माझा."

तिने तो उजव्या पारड्यातून उचलला आणि डाव्यात ठेवला.

पारडे झुकले. महाल वाळूसारखा ओसरला. कवड्यांची माणसे झाली, कवडीनाथ फेसात विरला. राजाला आवाज परत मिळाला, आणि त्याने पहिली आज्ञा दिली ती बुरूज पेटवायची. वेसूची झोप परत आली, अंगाईही आली. वाट पाहणे तेवढे आले नाही. त्या रात्री तिने ताट एकच वाढले, आणि भागाआजी समोर येऊन बसली.

तेव्हापासून त्या बेटावर तराजूला हात लावण्याआधी राजा धक्क्यावर उभा राहून विचारतो, "कोणी दर्यावर आहे का?" आणि सगळे थांबतात.

तुम्ही ऐकलेत, आता पुढच्या बेटाला सांगा. कोणी सोनेरी शिडाचा घाई करू लागला, तर म्हणावे, शेवटची होडी लागू दे. मग तोलू.