चार घोड्यांवरची गाडी

"…मग आता तरी मला तुमचा शिष्य म्हणवून घ्यायला काय हरकत आहे, मिस्त्री?"

विचारणारे विश्वंभर शेवडे, निवृत्त जिल्हा न्यायाधीश. ज्यांना विचारले ते दाजिबा पांचाळ, कोल्हापुरात साठ वर्षे जुन्या मोटारींचे पत्रेकाम केलेले मिस्त्री, वय ब्याऐंशी.

दोघांच्या मध्ये ती गाडी होती. एकोणीसशे अडुसष्ट सालची, छत मागे पडणारी अमेरिकी मस्टँग. धरणाच्या कामावर आलेला कोणी परदेशी अभियंता ती इथेच सोडून गेला. पुढे एका गोठ्यात ती पंचवीस वर्षे गंजली. शेवड्यांनी ती घरी आणली आणि निवृत्तीनंतरची अकरा वर्षे, बंगल्यामागच्या शेडमध्ये, तिच्यावर वेचली. मजूर लावला नाही. पहिली दोन वर्षे दर रविवारी मिस्त्रींच्या शेडमध्ये बसून ते हातोडी धरायला शिकले.

मिस्त्रींनी शिकवले. शिष्य मात्र कधी म्हटले नाही. विषय निघाला की म्हणत, "काम संपू द्या."

आता काम संपले होते. परवा गाडी मुंबईच्या प्रदर्शनाला निघायची होती. तिच्यापुढे ठेवायची पितळी पाटी घडवून आली होती. पहिल्या ओळीत गाडीचे साल, दुसरीत मालकाचे नाव. तिसरी ओळ कोरी.

"तिथे तुमचे नाव यावे, अशी माझी इच्छा आहे," शेवडे म्हणाले. "गुरू म्हणून. परंतु तुमच्या संमतीवाचून मी ते कोरणार नाही."

मिस्त्रींनी खिशातून मऊ सुती फडके काढून तळहाताखाली धरले आणि गाडीच्या गर्द निळ्या अंगावरून फिरवू लागले. पत्रा ते डोळ्यांनी पाहत नसत. मान दुसरीकडे वळवून हाताने ऐकत.

शेवडे मागून चालत राहिले.

"एकही बोल्ट परका नाही. कारखान्यातल्या तपासनिसाने त्या काळी खडूने केलेली खूण होती, तीही जशीच्या तशी पुन्हा काढली आहे."

"कुठं?"

"खालच्या बाजूला. कोणाला दिसत नाही."

"बरं केलंत."

शेवड्यांना ती स्तुती वाटली. ते चालकाच्या दारापाशी थांबले.

"हे पाहा. वर चार मिलिमीटर, खाली चार, मागे चार. केसाचाही फरक नाही. दोन्ही बाजूंना."

त्यांनी दार उघडले आणि एका बोटाने लोटले. दार आपसूक गेले आणि मिटले. अत्तराच्या पेटीचे झाकण मिटावे तसा आवाज झाला.

मिस्त्रींनी डोळे मिटले.

"गोड आवाज."

"म्हणजे?"

"म्हंजी गोड आवाज."

शेवडे किंचित हसले. "मिस्त्री, मी आयुष्यभर निकाल दिले. एखादा ऐकण्याची तयारी आहे. द्या."

"कसा द्यायचा?" मिस्त्री म्हणाले. "आरोपीला अजून उभंच केलं न्हाई."

शेवड्यांना कळले नाही. मिस्त्रींनी काठीचे टोक खाली दाखवले.

गाडीची चारही चाके फरशीपासून वीतभर वर लोंबत होती. तिच्या पोटाखाली लोखंडाच्या चार घोड्या लावल्या होत्या. सगळा भार त्या तिवयांवर होता.

"कवापास्नं हाय अशी?"

"पहिल्यापासून. गंज खालूनच काढायचा होता. मग राहिली. टायर कोरे आहेत. परवा ट्रकवर चढवताना उतरवणारच आहे."

"इंजिन?"

"आठ सिलिंडरचे. बसवून सहा महिने झाले. चालवलेही."

"चालवलंत, का वाजवलंत?"

शेवडे म्हणाले, "सुरू करून पाहिले."

"आन् दारं कधी लावलीत?"

"इंजिनाच्या आधी. सांगाडा रिकामा असताना. तेव्हाच माप अचूक मिळते."

"अचूक…" मिस्त्रींनी तो शब्द तोंडात थोडा वेळ ठेवला. मग म्हणाले, "उतरवा."

"आत्ता?"

"मी हाय तवर."

शेवड्यांनी जॅक आणला. काय घडणार ते त्यांना ठाऊक नव्हते. तरी हात सावकाश चालत होते. एक घोडी निघाली… दुसरी… तिसरी… चौथी. त्यांनी जॅक हळूहळू खाली सोडला. रबराने फरशीला स्पर्श केला. स्प्रिंगा दबल्या. अकरा वर्षांनी गाडीने स्वतःचे वजन स्वतः घेतले. पत्र्याच्या आत कोठेतरी बारीकशी करकर झाली आणि थांबली.

"दार उघडा."

ते जरा ओढावे लागले.

"आता लावा बघू."

शेवड्यांनी एका बोटाने लोटले.

दार निघाले आणि दोन बोटे अलीकडे थांबले.

त्यांनी तळहात लावला. तिथेच. मग कंबरेचा रेटा दिला. मागचा वरचा कोपरा चौकटीला घासला आणि नखाएवढा निळा टवका फरशीवर पडला.

कोणी तो उचलला नाही.

"बिजागरी सरकली असेल."

"न्हाई."

"मग खटका…"

"न्हाई वो, जज्जसाहेब."

मिस्त्रींनी दार ओढून उघडले. काठी बाहेर टेकवून ठेवली आणि म्हातारे अंग सावरत ते चालकाच्या जागी जाऊन बसले. त्यांचे वजन ते किती! तरी गाडी आणखी गुंजभर खचली.

"आता लावा."

शेवड्यांनी लावून पाहिले. मघापेक्षाही अलीकडे अडले.

शेवडे वाकून गाडीच्या पोटाखाली पाहू लागले.

"पक्के छत नसलेल्या गाडीला कणा नसतो," शेवडे अखेर म्हणाले. आवाज कोर्टातला होता, पण मंद. "पोटाखाली आधार होता तोवर दोन्ही टोके खाली ओढली जात होती. आता टोके चाकांवर आहेत आणि पोट खचले आहे. दाराची जागा वरून आवळली."

"व्हय."

"तुम्ही दारे कशी लावत होता?"

"चाकं जमिनीवर. इंजिन आत. शिटांवर चार माणसांच्या वजनाची वाळूची पोती. मग बिजागरी आवळायची."

"हे तुम्ही मला कधीच सांगितले नाहीत!"

"तुमी इच्यारलं व्हतं, फट किती ठेवायची. ती सांगितली."

शेवड्यांनी मान खाली घातली. रविवारच्या शिकवणीच्या वहीत त्यांनी तेवढेच लिहून घेतले होते: चार मिलिमीटर. खाली रेघही ओढली होती.

"सांगाडा ताठ धरणाऱ्या पोटाखालच्या पट्ट्या पुन्हा ताणाव्या लागतील," ते म्हणाले. "दारे काढावी लागतील. रंग खरवडावा लागेल, मागच्या अंगापर्यंत."

"व्हय."

"दोन वर्षे तरी."

"तुमच्या हातानं? तीन."

"मी एकाहत्तर वर्षांचा आहे, मिस्त्री."

"मी ब्याऐंशीचा."

बाहेर कोणी तरी रस्त्यावर भंगार, रद्दी ओरडत गेले. एरवी या आरोळीवर मिस्त्री हटकून काही तरी बोलले असते.

शेवड्यांची नजर भिंतीशी सरकवलेल्या घोड्यांवर गेली. तिथून ती पितळी पाटीवर गेली, आणि पुन्हा घोड्यांवर आली.

"प्रदर्शनात गाडी चालवावी लागत नाही," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी आधी मनात लिहून, तपासून मग वाचल्यासारखे आले. "पुष्कळ जण घोड्यांवरच मांडतात. खालचे काम दिसावे म्हणून फरशीवर आरसा ठेवतात. त्यात लबाडी नाही. तशी प्रथाच आहे."

मिस्त्री सुकाणूवर दोन्ही हात ठेवून समोरच्या भिंतीकडे पाहत होते.

शेवडे वाकले. त्यांनी जॅक गाडीच्या पोटाखाली सरकवला. दांडा एकदा दाबला. दुसऱ्यांदा दाबला. जॅकचे डोके पत्र्याला टेकले. आणखी एक दाब दिला असता तर भार चढला असता.

ते थांबले. वर न पाहताच त्यांनी विचारले,

"तिसऱ्या ओळीचे काय करू?"

मिस्त्री गाडीतून उतरले नाहीत.

"ती काम संपल्यावर. तुमी दाबा की," ते म्हणाले. "वर घेतली, की दार एका बोटानं लागंल."